आधी दंड, मग भात

इरुपटोल्याहून बोकड आला तेव्हा अन्नपूर्णाच्या डाव्या कानात अजून कापूस होता. उपकेंद्राच्या व्हरांड्यात, जिथे एरवी गरोदर बाया वजनासाठी रांग लावतात, तिथल्या खांबाला गावच्या दोघा माणसांनी तो बांधला. बोकड काळाभोर होता, अंगानं भरलेला. गावाने हात आखडता घेतला होता असं कोणी म्हणालं नसतं.

"पाटलानं पाठवला," दोघांतला पोचू म्हणाला. "रविवारी गावात जेवण ठेवलं आहे. तुमी या बाई. जेवलं का मिटलं."

अन्नपूर्णाने उजवा कान त्याच्याकडे केला. "गाव बसलं होतं का? ज्यानं केलं त्यानं उभं राहून सांगितलं का, मी हे केलं म्हणून?"

पोचू बोकडाकडे पाहत राहिला. "आता ते काय सांगाचं? सगळ्याइले माईत आहे."

"मंग बोकड परत न्या. त्याले पाणी पाजून न्या, ऊन लय आहे."

असं बोलणं इरुपटोल्याच्या माणसाशी दुसऱ्या कुठल्या नर्सने केलं असतं तर तो तिचा तोरा ठरला असता. पण पोचूला कळलं. म्हणूनच त्याने मान खाली घातली आणि दोर सोडला.

अन्नपूर्णा मूळची भद्रावतीकडची, कापूस-सोयाबीनच्या घरातली. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात असलेल्या या उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली तेव्हा भाऊ म्हणाला होता, वर्षभर काढ, मग बदलीचं बघू. त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती गोंडांच्या घरचं पाणीही संकोचाने प्यायची, हे ती स्वतःच हसत सांगते. इरुपटोल्याच्या गुणाबाईने तो संकोच मोडला. गुणाबाई गावची सुईण. दुसरी कोणी असती तर सरकारी नर्स आली म्हणून फुगून बसली असती, ही बाई पहिल्याच बाळंतपणाला अन्नपूर्णाच्या शेजारी उकिडवी बसली, तिचे हात पाहिले आणि म्हणाली, "हात चांगले आहेत तुहे, पण घाई लय करतेस." त्या दिवशी तिने भात आणि मोहाची भाजी वाढली. तेव्हापासून इरुपटोल्याला गेलं की जेवण गुणाबाईकडे, हा नियमच झाला. गोंडीही अन्नपूर्णा तिच्याच चुलीपाशी शिकली, आणि गावची रीतही.

ती रीत अशी. भांडण झालं, मारामारी झाली, की गाव झाडाखाली बसतं. ज्याने केलं तो उठून उभा राहतो आणि आपल्या तोंडाने सांगतो, मी हे केलं. त्याच्या वतीने आईने सांगायचं नाही, पाटलाने सांगायचं नाही. मग गाव दंड ठरवतं. दंड भरून झाला की ज्याने केलं आणि ज्याने भोगलं, ते एका ओळीत बसून जेवतात. त्या जेवणानंतर ती गोष्ट पुन्हा कोणी उकरायची नाही. उकरली तर उकरणाऱ्यालाच दंड. झिंगू नावाच्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याच्या मोहाखालची फुलं रात्रीतून वेचली होती, तेव्हा तोही काठी टेकत उभा राहिला होता आणि किती टोपल्या नेल्या ते सांगून बसला होता. अन्नपूर्णाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच बोकड दारात पाहून तिचा संताप झाला. दंड नाही, कबुली नाही, आणि एकदम जेवण. म्हणजे तोंड बंद करायला भाताचा घास.

झालं होतं ते थोडक्यात असं. मे महिना, तेंदूपानाचा हंगाम. गुणाबाईचा मुलगा धनराज आठ दिवस पानं तोडायला दूरच्या फळीवर, पानं गोळा करायच्या तळावर, गेलेला. इकडे अन्नपूर्णाने त्याच्या दीड वर्षाच्या मुलीला लस दिली. ही लस दिली की ताप येतो, मांडी सुजते, लेकरू दोन दिवस पाय टेकत नाही. हे तिने धनराजच्या बायकोला, रंजीताला, नीट सांगितलं होतं. तापाची गोळी दिली होती. गुणाबाईलाही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी धनराज घरी आला. मुलगी तापलेली, उभी केली की मटकन खाली बसत होती. त्याने कोणाचं काही ऐकून घेतलं नाही. पोरीचा पाय गेला, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं.

अन्नपूर्णा त्याच वेळी गावात आली होती. लस दिलेल्या लेकरांना पाहायचं आणि तसंच पुढच्या टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या लहान वस्तीत, लस द्यायला जायचं, असा तिचा बेत होता. अंगणवाडीपुढे बोअरिंगवर बाया पाणी भरत होत्या, गुणाबाई तिच्या बरोबर चालत होती. धनराज समोरून आला आणि त्याने उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारलं. ती पडली. त्याने खांद्यावरचा लसीचा डबा ओढला आणि बोअरिंगच्या ओट्यावर आपटून फोडला. बर्फाच्या पिशव्या आणि कुप्यांच्या काचा चिखलात पसरल्या. पुढच्या टोल्यावरच्या नऊ लेकरांची लस त्यात होती. तिसऱ्या दिवशी धनराजची मुलगी कोंबडीच्या मागे धावत होती, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याच दुपारी अन्नपूर्णा आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या ओपीडीच्या भिंतीवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे की डॉक्टर, नर्स किंवा दवाखान्यातल्या कोणावरही हात उचलणं हा गुन्हा आहे, दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पाटी लावली तेव्हा हार घालून फोटोही काढला होता. आता तिच्याच खाली बसून डॉक्टर मिथुन तिच्या कानात टॉर्च मारत होते.

"पडदा फाटलाय सिस्टर. जिल्ह्याला दाखवावं लागेल." मग टॉर्च खिशात ठेवून ते म्हणाले, "तक्रारीचं म्हणाल तर... जरा विचार करा. आपल्याला त्याच गावात काम करायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? झाकली मूठ असू द्या."

"सर, ही पाटी कोणासाठी आहे?"

डॉक्टरांनी मान वर करून पाटी पाहिली, जणू पहिल्यांदाच वाचत होते. माणूस वाईट नव्हता. वय अठ्ठावीस, सरकारी सेवेचा बाँड संपायला सात महिने, आणि वरून फोन येईल या भीतीने अर्धा झालेला. "पाटी बरोबरच आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर मी येतो ठाण्यात."

आणि ते खरंच आले, हे सांगायला हवं. तक्रारीला त्यांनी आपलं पत्र जोडलं, आणि खाली सही केली.

ठाण्यात अन्नपूर्णाने एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. मारणारा एक होता. नाव एकाचं लिहा. गाव माझ्यावर धावून आलं असं लिहाल तर मी सही करणार नाही. जमादाराला तिचा हट्ट कळेना. चार नावं जास्त असली तर केस मजबूत होते, असं त्याचं म्हणणं. पण या जंगलात पोलिसांची गाडी गावात शिरली की लोक काय काय आठवून घाबरतात, ते तिला ठाऊक होतं. ती खुर्चीवर बसून राहिली, शेवटी त्याने एकच नाव लिहिलं. धनराजला अटक झाली, आठवड्याने कोर्टाने त्याला जामीन दिला, आणि तो गावी परतल्यावरच गावाने बोकड पाठवला होता.

आता बोकड परत गेला म्हटल्यावर पाटील मुखरूला स्वतःच यावं लागलं. सत्तरी ओलांडलेला, शांत माणूस. व्हरांड्यात बसून त्याने आधी पाणी मागितलं.

"बाई, गाव भेलं आहे," तो म्हणाला. "आज एकाले नेलं, उद्या कोणाले नेतीन? तुमी आमच्या आहा. आमच्या घरची गोष्ट तुमी कोर्टात काऊन नेता?"

"पाटील, मी तुमची आहो म्हणता, तर माझ्यासाठी गाव काऊन नाई बसलं?" अन्नपूर्णाचा आवाज चढला नाही, पण ती बोलायची थांबलीही नाही. "झिंगूभाऊले उभं केलं तुमी मोहाच्या फुलासाठी. माझ्या कानाची किंमत फुलापेक्षा कमी आहे का? तुमच्यात आधी दंड, मंग जेवण. मले तुमी आधी जेवण पाठवलं."

खरी गोष्ट ओळखण्याइतका मुखरू शहाणा होता. त्याने रविवारी गाव बसवलं.

गाव बसलं खरं. मोहाखाली गोल, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. धनराज उठला. तीस वर्षांचा उंच गडी, जंगलात अस्वलाला न भिणारा. तिथे मात्र त्याला हात कुठे ठेवावे कळेना. त्याच्या वकिलाने तालुक्याहून बजावलं होतं, कुठेही काही कबूल करू नको, गावात तर नाहीच, तिथलं बोलणं कोर्टात येतं. म्हणून तो म्हणाला, "हात लागला." आणि खाली बसला.

गाव चुळबुळलं. असं तिथे कोणी बोलत नसे. गुणाबाई मुलाकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची शरम अन्नपूर्णाला बघवेना. तरी ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मी काम करत राहीन. लस देईन, बाळंतपणं करीन, मध्यरात्री बोलवा, येईन. पण या गावात जेवणार नाई. केस मांगं घेणार नाई." कोणी तिला अडवलं नाही.

त्या रात्री भावाचा फोन आला. त्याचं एकच पालुपद, बदली करून घे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, असं म्हणून तिने फोन ठेवला. मग वाईट वाटलं म्हणून पुन्हा लावला आणि वहिनीची विचारपूस केली. पण खरं कारण तिने त्याला सांगितलं नाही. कारण कमळा होती. शेजारच्या उपकेंद्रावरची कंत्राटी नर्स, वय तेवीस, एकटी राहणारी. मागच्या वर्षी एका दारुड्याने तिच्या दारावर कुऱ्हाड मारली होती. ते प्रकरण चहा-बिस्किटावर मिटलं, आणि महिन्याभराने तोच माणूस पुन्हा आला. कमळा अन्नपूर्णाला एवढंच म्हणाली होती, "ताई, तुमचं काय होते ते पाहीन आन् मंग ठरवीन. राहाचं का जाचं." ती गेली तर तिच्या पाच गावांना नवी नर्स कधी मिळेल, देव जाणे. आधीची जागा दोन वर्षं रिकामी होती, आणि त्या दोन वर्षांत तिथे काय काय झालं ते अन्नपूर्णाने रजिस्टरात वाचलं होतं.

म्हणून ती जेवणाचा डबा घेऊन जाऊ लागली. सोपं वाटतं ऐकायला. जून-जुलैच्या चिखलात सहा किलोमीटर चालून जायचं, अंगणवाडीच्या पायरीवर एकटीने बसून गार पोळी खायची, आणि चार घरांपलीकडे गुणाबाईच्या चुलीचा धूर दिसायचा. पाणीही ती बाटलीतून न्यायची. गावाला ते लागलं. शिव्या दिल्या असत्या तर लोक विसरले असते, पण रोज डोळ्यांसमोर डबा उघडणारी बाई कशी विसरायची? मुलं विचारायची, नर्सबाई आपल्या घरी काऊन नाही जेवत? आणि घरोघरी कोणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागायचं. गुणाबाई आता तिच्या बरोबर चालत नसे. बाळंतपणाला दोघी समोरासमोर बसत, हाताला हात देत, पण कामापलीकडे शब्द नाही. अन्नपूर्णाला रडू यायचं ते परतीच्या वाटेवर, सागाच्या रोपवनात, जिथे ऐकायला कोणी नसतं. मग डोळे पुसून ती पुढच्या टोल्याचं रजिस्टर डोक्यात जुळवत चालायची. मागे फिरावं असं तिला एकदाही वाटलं नाही; खूप दुखतं आहे, एवढंच वाटायचं.

डिसेंबरात रंजीताला सातवा महिना लागला. तिची तपासणी अन्नपूर्णा चुकवत नव्हती. धनराज त्या वेळी बहुधा घराबाहेर निघून जायचा. त्या दिवशी मात्र तो धान मळून थकलेला, दाराशी बसला होता. अन्नपूर्णा सकाळपासून तीन टोले करून आली होती. बाळाचे ठोके ऐकायच्या यंत्राचे सेल वाटेतच संपले, म्हणून तिने पिशवीतली जुनी नळी काढली. एक तोंड पोटावर, दुसऱ्याला आपला कान. अकरा वर्षं ती हे डाव्या कानाने करत आली होती. थकलेल्या माणसाचं शरीर जुन्याच वाटेने जातं. तिने डावा कान लावला.

काहीच ऐकू आलं नाही.

तिने नळी सरकवली. पुन्हा काही नाही. तिचा चेहरा उतरला, आणि रंजीताने तो पाहिला. "काय झालं बाई?" रंजीता उठायला लागली. दाराशी धनराज उभा राहिला. "काऊन थांबल्या? आहे ना बाळ?"

तेव्हा अन्नपूर्णाच्या लक्षात आलं. तिने मान फिरवली, उजवा कान लावला, आणि लगेच ते आलं, लवकर लवकर धावणारं, स्वच्छ. तिने घड्याळात पाहून पूर्ण मिनिट मोजलं. मग हात रंजीताच्या कपाळावर ठेवला.

"एकशे बेचाळीस. बाळ एकदम बरोबर आहे. मीच चुकलो. सवयीनं तो कान लावला."

"त्या कानाले काय झालं?" धनराजने विचारलं.

अन्नपूर्णाने त्याच्याकडे पाहिलं. तो नाटक करत नव्हता. त्याला वाटलं होतं मार बसला, दुखलं, बरं झालं. गड्यांना एकमेकांचे असे मार बसतच असतात. "त्यानं ऐकू येत नाई, धनराजभाऊ. मे महिन्यापासून. जिल्ह्याचे डॉक्टर म्हणतात, आता येणार बी नाई."

तिने नळी पुसली, रंजीताला लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या, पुढची तारीख कार्डावर लिहिली आणि निघाली. कोणाला टोचून बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. विचारलं, म्हणून सांगितलं. धनराज दाराच्या चौकटीला धरून तसाच उभा होता आणि रंजीता त्याच्याकडे पाहत होती.

जानेवारीत तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. अन्नपूर्णा प्रत्येक तारखेला जायची, बोलावलं असो नसो. त्या दिवशी कमळाही आली होती, रजा टाकून. इरुपटोल्याहून मुखरू आला होता, गुणाबाई आली होती, रंजीता पोट सावरत बाकावर बसली होती. धनराजच्या वकिलाने बाहेर चहा पिता पिता त्याला पुन्हा घोकवून घेतलं. "जज बाई विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू फक्त 'नाही' म्हणायचं. पुढचं मी बघतो. साक्षीदार कोण येतंय तुझ्याविरुद्ध? तुझी आई?" आणि तो हसला. गुणाबाई हसली नाही.

न्यायाधीश बाई होत्या. चष्म्यातून कागद वाचत त्यांनी आरोप सावकाश, सोप्या मराठीत सांगितला. अमुक तारखेला तू कामावर असलेल्या नर्सला मारलंस, तिच्या कानाला इजा केलीस, सरकारी लसीचा डबा फोडलास. मग वर पाहून विचारलं, "हा गुन्हा तुला कबूल आहे का?"

धनराज उभा होता. समोर माणसं बसलेली, आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं जात होतं, तू केलंस का? मोहाखाली त्याने एकदा या प्रश्नाला पाठ दाखवली होती. वकिलाने घोकवलेला शब्द त्याच्या ओठांवर आलाही असेल.

"मी मारलं," तो म्हणाला.

वकील अर्धा उठला. न्यायाधीश बाईंनी त्याला हाताने बसवलं आणि धनराजला म्हणाल्या, "नीट ऐक. तुझ्यावर सक्ती नाही. कबूल केलंस तर याच कबुलीवर तुला शिक्षा होऊ शकते. तुरुंगात जावं लागेल. विचार करून सांग."

"समजलं मले." त्याने हात पाठीमागे धरले होते. "या हातानं मारलं. कानावर मारलं. पोरीचा पाय गेला असं वाटलं मले, पण तिनं काई केलं नोतं. मायनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाई. डबा बी मीच फोडला. गावात मी 'हात लागला' म्हणलो, ते खोटं होतं. मले कोणी शिकवलं म्हणून नाई बोलून राह्यलो."

न्यायाधीश बाईंनी पुन्हा एकदा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, एकही शब्द कमी न करता. वकिलाने फाईल मिटली आणि कपाळ दाबून बसला. मग त्याला नवीन वाट सुचली. तो म्हणाला, पहिलाच गुन्हा आहे, बायको गरोदर आहे, आरोपीने प्रामाणिकपणे सांगितलं आहे. फिर्यादी बाई इथेच आहेत, त्यांनी माफ केलं असं सांगितलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देता येईल.

सगळ्यांची तोंडं अन्नपूर्णाकडे वळली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

हा क्षण इतका जड असेल याची तिने कल्पना केली नव्हती. आठ महिने ती याच्यासाठी चालली होती, आणि आता समोर रंजीताचं पोट होतं, गुणाबाईचा ताठ चेहरा होता. त्या पोरावर तिला राग उरला नव्हता. तो मघाशी बोलला तेव्हाच तिचा राग निवला होता. सोडून द्या, एवढे दोन शब्द बोलली असती तर सगळे एकाच गाडीने गावी गेले असते. मागच्या बाकावर कमळा बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"मॅडम, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही," अन्नपूर्णा म्हणाली. "पण माफीचं मला विचारू नका. माफी मी माझ्या घरी देईन. आम्ही बाया एकट्या जंगलातून चालतो. आमच्याजवळ काठी नसते, बंदूक नसते. एक लसीचा डबा असतो. आम्हाला मारलं तर काहीतरी होतं, हे लोकांना दिसू द्या. जास्त देऊ नका. पण शिक्षा द्या, सोडू नका."

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ लिहिलं. सहा महिने कैद, दंड, आणि तिला भरपाई. तीन वर्षांच्या मानाने थोडी, असं कोणी म्हणेल. रंजीताच्या दिवसांच्या मानाने थोडी नव्हती. मार्चमध्ये बाळ येणार होतं, बाप तेव्हा तुरुंगात असणार होता. धनराजने मान हलवली, आईच्या पाया पडला आणि पोलिसाबरोबर चालू लागला.

बाहेर आवारात कमळाने तिचा हात घट्ट धरला. "ताई, मी राहतो," ती म्हणाली. "उद्या माझ्याकडे लस आहे, जातो." आणि बसकडे पळाली.

गुणाबाई कडुलिंबाखाली बसली होती, रंजीताला पाणी पाजत. अन्नपूर्णा तिच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. आठ महिन्यांनी ती त्या बाईच्या इतकी जवळ काम सोडून बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. डबा तिने आज आणला नव्हता. का आणला नव्हता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"गुणाबाई," ती म्हणाली, "त्यानं सांगतलं. दंडही झाला. आज तुह्या घरी जेवू दे मले."

गुणाबाईने पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडे होते, रडून झाल्यावर असतात तसे. तिने मान हलवली.

"आज नाई बाई. दंड ठरला, भरून कुठी झाला? सहा महिने त्याले भराचे आहेत. तो भरून आला का मी तुले बलावीन. तो, तू, एका ओळीत. त्याच्या आंदी मी वाढणार नाई, आन् तू बी मांगू नको."

अन्नपूर्णाला वाटलं, आपण गावाला रीत शिकवायला निघालो होतो. तिने मान खाली घातली. "बरोबर आहे तुहं," ती म्हणाली.

"पण रंजीताचे दिवस भरले का येजो. रात असो, पाणी असो. पोराचा बाप नाई राहीन घरी, तू अन् मीच आहोत." गुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, सुनेला उठवलं. "मी पाणी तापवून ठेवीन."

"येईन," अन्नपूर्णा म्हणाली.